माय व्हॅलेंटाइनचा हार्पी डेक दुकानातल्या लोकल टूर्नामेंटला न्यायचाय, 60 युरोत काय काय घेऊ?

म्युनिकची_मैना
नमस्कार मंडळी, यु-गि-ओ हा पत्त्यांचा खेळ खेळणारे इथे कोणी आहेत का? मी म्युनिकला असते, घराजवळच्या कार्डांच्या दुकानात दर आठवड्याला छोटी टूर्नामेंट असते, तिथे आत्तापर्यंत मैत्रिणीचा डेक (पत्त्यांचा संच) उसना घेऊन खेळले. आता स्वतःचा बांधायचाय आणि तो माय व्हॅलेंटाइनचा हार्पी डेकच हवाय, पंखवाल्या पक्षी-बायकांचा. लहानपणी यु-गि-ओच्या टीव्ही मालिकेतल्या युगी आणि कायबाच्या मागे सगळी पोरं होती, मला मात्र तेव्हापासून मायच आवडते. तर अटी अशा: हार्पी लेडी सिस्टर्स आणि हार्पीज पेट ड्रॅगन हे दोन पत्ते डेकमध्ये असलेच पाहिजेत, बजेट 60 युरो, आणि तीनचार राउंडमधली निदान एखादी मॅच जिंकता आली पाहिजे. पहिलं नको, पण शेवटचंही नको. काय घेऊ?

कोथरूडचा_कायबा
सरळ सांगतो, हार्पी घेऊ नकोस. पक्षीच हवे असतील तर फ्लूवंडरीझ घे, ते पण वाऱ्याचे पक्षीच आहेत, 2021 च्या शेवटी आले तेव्हापासून मी तेच खेळतोय, मास्टर ड्युएलवर (याच खेळाच्या ऑनलाइन आवृत्तीवर) भल्याभल्यांना रडवलंय. समोरच्याच्या टर्नमध्ये पण आपण नॉर्मल समन करतो (हातातून मॉन्स्टर मैदानात आणणं, एरवी ते आपल्याच टर्नला होतं), त्याला काही सुचतच नाही. हार्पी जुना झाला गं.

जर्सीवाला_नाना
डेक कुठलाही बांध, आधी तीन ॲश ब्लॉसम, तीन इन्फिनिट इम्पर्मनन्स, दोन निबिरू घे, म्हणजे हातातूनच टाकून समोरच्याची चाल अडवणारे हँडट्रॅप. हे नसतील तर टूर्नामेंटला जाऊच नये. मी तर प्रत्येकाचे सगळ्यात भारी चमकवाले छाप घेतलेत, एकेक पत्ता बघत राहावा असा. एकदाच खर्च होतो, मग कुठल्याही डेकमध्ये घालता येतात.

म्युनिकची_मैना
नाना, 60 युरो म्हटलंय मी.

जर्सीवाला_नाना
हो वाचलं, पण स्वस्तात घेऊन नंतर परत घेण्यापेक्षा एकदाच चांगलं घ्यावं. साधे छाप पण आहेत म्हणा, इम्पर्मनन्स बऱ्याचदा रीप्रिंट झालाय.

पिसारा
मी हार्पी खेळते, कागदावर, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. कायबा म्हणतोय ते फ्लूवंडरीझ यात मिसळायचा विचारही करू नकोस, त्यांचे इफेक्ट वापरले की त्या टर्नला स्पेशल समन (इफेक्टने मॉन्स्टर मैदानात आणणं) करता येत नाही आणि हार्पी सगळी स्पेशल समनवर चालते.

तुझा मुख्य पत्ता हार्पी चॅनेलर. नॉर्मल समन करायची, हातातलं कुठलंही हार्पी कार्ड टाकायचं आणि डेकमधून दुसरी हार्पी बचावात आणायची. बहुतेक वेळा परफ्युमर आण. ती मैदानात आली की डेकमधून हार्पी लेडी सिस्टर्सचं नाव छापलेलं स्पेल-ट्रॅप (जादूचा किंवा सापळ्याचा पत्ता) हातात घेता येतं, म्हणजे एलिगंट इगोटिस्ट किंवा हंटिंग ग्राउंड. परफ्युमर मैदानात असताना तिचं नाव हार्पी लेडीच धरतात, म्हणून इगोटिस्ट टाकून सिस्टर्स थेट डेकमधून येतात. म्हणजे तुझी पहिली अट आपोआप पूर्ण होते, सिस्टर्स हातात अडकायची भीती नको, एक किंवा दोन पुरे.

आता खरी गंमत. हिस्टेरिक साइन नावाचं स्पेल आहे, टाकलं तर इगोटिस्ट हातात देतं, किंवा ज्या टर्नला ते स्मशानात (वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगात) जातं त्या टर्नच्या एंड फेजला, म्हणजे शेवटी, वेगवेगळ्या नावांची तीन हार्पी कार्डं डेकमधून देतं, पण एका टर्नला दोन्हीपैकी एकच. तीन! ते स्मशानात कसं पाठवायचं? हंटिंग ग्राउंड लाव, हार्पी लेडी समन झाली की मैदानावरचं एक स्पेल-ट्रॅप फोडावंच लागतं, आपलं स्वतःचं, न टाकता उलटं ठेवलेलं साइन फोडायचं. एंड फेजला जी तीन येतात त्यातलं एक फेदर स्टॉर्म. ते ट्रॅप आहे पण मैदानात हार्पी असेल तर हातातून टाकता येतं, आणि त्या टर्नला समोरचा मॉन्स्टरचे जे इफेक्ट टाकेल ते सगळे रद्द. त्याच्या टर्नच्या सुरुवातीलाच टाक. हल्लीचे डेक मॉन्स्टरच्या इफेक्टवरच चालतात, बऱ्याच जणांना तिथेच टर्न संपवावा लागतो.

फेदर स्टॉर्म तीन घे, त्यात काटकसर नको.

सापळेबाज
हंटिंग ग्राउंडपासून सांभाळून. फोडणं ऐच्छिक नाहीये, सक्तीचं आहे. समोर काही नसेल आणि आपलंही दुसरं काही नसेल तर ते स्वतःलाच फोडतं. माझ्यासमोर फायनलला एकाने तसंच केलं आणि मी जिंकलो.

आणि इकॅरस अटॅक घे, पक्षी जातीचा एक मॉन्स्टर बळी द्यायचा आणि दोन कार्डं फोडायची, जुनं ट्रॅप आहे, स्वस्तात मिळतं. आजकालच्या पोरांना माहीतच नसतं, मजकूर वाचायला मागतात.

कोथरूडचा_कायबा
साइनचा कॉम्बो ऐकायला छान आहे पण समोरच्याकडे ड्रॉल अँड लॉक बर्ड (त्या टर्नला डेकमधून आणखी कार्डं हातात घेणं बंद करणारा हँडट्रॅप) असेल तर? परफ्युमरने एक कार्ड घेतलं की तो ड्रॉल टाकणार, मग एंड फेजची तीन कार्डं विसरा. आणि चॅनेलरवर ॲश आली की टर्न तिथेच संपला. म्हणून म्हणतो फ्लूवंडरीझ घे.

पिसारा
ॲश आणि ड्रॉलचा फटका तर फ्लूवंडरीझला पण बसतो, ते पण डेकमधूनच पक्षी हातात घेतात. आणि फेदर स्टॉर्म आपल्याच टर्नला पण चालतं. चॅनेलर समन केली, इफेक्ट टाकायच्या आधी हातातून स्टॉर्म टाकलं की ॲश, ड्रॉल, निबिरू सगळं त्या टर्नपुरतं निकामी. म्हणून तर तीन घे म्हटलं. फक्त एका टर्नला एकच टाकता येतं, आणि त्याच्या टर्नसाठी दुसरं लागेल हे लक्षात ठेव.

जर्सीवाला_नाना
फेदर स्टॉर्म तीन घे हे मीपण सांगणार होतो. आणि ॲश तीन.

डोंबिवली_ड्युएलिस्ट
मी शाळेत असताना कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत हार्पी लेडीची पाकिटं मिळायची, माझ्याकडे अजून गठ्ठा आहे, हवी असतील तर कुणाबरोबर पाठवतो.

सापळेबाज
दादा ते सगळे नकली असायचे, टूर्नामेंटला चालत नाहीत. मैना, एक महत्त्वाचं, खरे जपानी पत्ते पण युरोपात टूर्नामेंटला चालत नाहीत, त्यामुळे ऑनलाइन स्वस्त दिसले म्हणून घेऊ नकोस. जर्मन छपाईचे चालतात आणि कार्डमार्केटवर (पत्ते विकायच्या साइटवर) इंग्रजीपेक्षा बऱ्याचदा कमी किमतीत असतात. एकाच विक्रेत्याकडून जेवढे मिळतील तेवढे घे, नाहीतर पोस्टाच्या खर्चातच पैसे जातात. मला एका विक्रेत्याने उत्तम स्थिती म्हणून कोपरे दुमडलेले पत्ते पाठवले होते, तेव्हापासून मी फोटो मागवल्याशिवाय घेत नाही.

म्युनिकची_मैना
पिसारा, खूप खूप आभार, आत्ता कुठे डेक डोळ्यासमोर आला. पेट ड्रॅगनबद्दल कोणीच बोललं नाही पण?

कोथरूडचा_कायबा
काढून टाक. लेव्हल 7, दोन बळी लागतात, ताकद 2000. हातात आला की कुजतो.

सापळेबाज
काढूनच टाक. नाना पण हेच म्हणेल.

जर्सीवाला_नाना
हो काढ, त्या जागी ॲश.

पिसारा
एवढाही वाईट नाहीये हं. चॅनेलर त्याला डेकमधून आणू शकते, आणि मैदानात ड्रॅगन असला की ती स्वतः लेव्हल 7 होते, म्हणजे दोघांना एकत्र करून रँक 7 चा एक्सीझ मॉन्स्टर निघतो. 2013 मध्ये हे बऱ्यापैकी खेळलं जायचं, त्यातून ड्रॅकोसॅक नावाचा मॉन्स्टर काढायचे. हातात आला तर चॅनेलरसाठी तोच टाकायचा, हार्पी कार्डच आहे. पण आज तो वेळ परफ्युमरला दिलेला बरा, म्हणून मी स्वतः नाही ठेवत. ठेवायचाच तर एक ठेव.

बाकी हार्पी लेडी 1, 2, 3, सायबर हार्पी लेडी या सगळ्यांचं नाव कायम हार्पी लेडीच धरतात, त्यामुळे सगळ्या मिळून डेकमध्ये तीनच चालतात. नवीन लोक इथे डेक तपासणीत अडकतात. चॅनेलर आणि परफ्युमरला हा नियम नाही, त्या तीन तीन घे. आणि फेदर डस्टर (समोरच्याचे सगळे स्पेल-ट्रॅप फोडणारं स्पेल) एक, त्याला मर्यादा आहे, जायच्या आधी ताजी बंदी-यादी बघून घे. आता कोणीही ते कुठल्याही डेकमध्ये घालतं, पण मायच्या डेकमध्ये ते शोभतं. स्टॉर्म सेट केलेलं (उलटं ठेवलेलं) असताना समोरच्याने फोडलं तर ते डस्टर हातात आणून देतं, तेही विसरू नकोस.

कोथरूडचा_कायबा
दुसरा टर्न मिळाला तर काय करणार ते कोणी सांगितलंच नाही. समोर पाच मॉन्स्टर बसलेले असतील. लाव्हा गोलेम घे साइडला (मॅचमध्ये बदलायच्या जास्तीच्या पत्त्यांत).

सापळेबाज
लाव्हा गोलेम टाकला की त्या टर्नला नॉर्मल समन करता येत नाही, मग चॅनेलर काय हातात धरून बसणार? कायजू घे. समोरच्याचा एक मॉन्स्टर बळी देऊन त्याच्याच मैदानात बसवायचा, नॉर्मल समन शिल्लक राहतं. साइडला तीन टाक, स्वस्त आहेत.

जर्सीवाला_नाना
स्लीव्हज (पत्त्यांची कव्हरं) मात्र चांगले घे, दुहेरी. माझे पत्ते बघून परवा एकाने विचारलं नवीन घेतले का.

म्युनिकची_मैना
ऑर्डर दिली मंडळी. चॅनेलर तीन, परफ्युमर तीन, साइन तीन, स्टॉर्म तीन, इगोटिस्ट आणि हंटिंग ग्राउंड दोन दोन, इकॅरस दोन, डस्टर एक, कायजू तीन, बहुतेक जर्मन छपाईचे. हँडट्रॅपमध्ये फक्त साधे इम्पर्मनन्स तीन. ॲश नाही घेतली, नाना रागावू नका. त्या पैशात सिस्टर्स तीन घेतल्या, जुन्या छपाईच्या, आणि पेट ड्रॅगन दोन. एक म्हणालीस पिसारा, पण मायच्या डेकमध्ये तो मैदानात दिसलाच पाहिजे मला. हार्पी लेडी मैदानात असेल तर प्रत्येकीमागे त्याची ताकद 300 ने वाढते, एकदा तरी त्यानेच शेवटचा हल्ला करायचाय. शुक्रवारी पत्ते आले तर शनिवारच्या लोकलला जाते.

कोथरूडचा_कायबा
दोन पेट ड्रॅगन!! आणि शून्य ॲश.

पिसारा
जा तू. पहिल्या टर्नची निवड मिळाली तर पहिलं खेळ, आणि हंटिंग ग्राउंड लावायच्या आधी साइन मैदानात आहे ना ते बघ.