प्रौढांच्या वर्गात कुणाला अचानक त्रास झाला तेव्हा काय केलंत? (अनुभव धागा, सोलापूर)

नमस्कार मंडळी. सोलापुरात आपल्यातले बरेच जण मोठ्या माणसांचे वर्ग घेतात, कुणी उल्लासचे (सरकारची प्रौढ साक्षरता योजना) वर्ग, कुणी शिवणक्लास, कुणी बचत गटातल्या बायकांना मोबाईल-बँकेचं शिकवतं. शाळेतलं पोर पोट दुखलं तर रडून सांगतं तरी, मोठी माणसं सांगतच नाहीत, बीपी शुगर फिट सगळं झाकून येतात आणि आपल्याला कळतं ते माणूस कोसळल्यावर. उल्लासची १५० मार्कांची परीक्षा कशी घ्यायची ते आपल्याला पाठ आहे, पण याची तयारीही हवीच ना. काय झालं, काय केलंत, आता वर्गात काय ठेवता ते लिहा. नावं नकोत.

साक्षरता वर्ग, पूर्व भाग

माझ्याकडं बहुतेक विडी कामगार बायका, घरी तेलुगू बोलणाऱ्या. नवरात्राचा कडक उपवास आणि शुगरची गोळी मात्र सकाळी घेतलेली, असं झालं होतं एका अक्काचं. नाव गिरवत होती, अक्षर छान बसलेलं तिचं, आणि बघता बघता पेन्सिल ओळीवरनं घसरत पानाच्या खाली गेली. जवळ जाऊन बघते तर कपाळ घामानं डबडबलेलं, हात थरथरतायत, विचारलं तर "काय नाही ओ मॅडम, पंख्याखाली बसते" म्हणाली तेही जीभ जड झाल्यासारखं. बाकीच्या म्हणायला लागल्या अंगात येतंय, हळदकुंकू आणा. मी सरळ विचारलं शुगरची गोळी घेता का, तिनं मान हलवली. शुद्धीवर होती, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर अर्धा पेला पाण्यात ढवळून पाजली. साखर उपवासाला चालते म्हणून ती प्यायली, बिस्कीट दिलं असतं तर तोंडात धरलं नसतं तिनं. पंधरा मिनिटांत नीट बोलायला लागली, मग राजगिऱ्याचा लाडू दिला आणि मुलाला बोलावून डॉक्टरकडं पाठवलं. आता कपाटात साखरेचा डबा कायम असतो, आणि नवरात्र, श्रावण, रमजानच्या आधी प्रत्येकीला एकटीला बाजूला घेऊन गोळ्यांचं विचारते. सगळ्यांसमोर विचारलं की कुणीच खरं सांगत नाही.

शिवणक्लास, जुळे सोलापूर

एका नव्या सुनेला मशीनवरच फिट आली. आमच्या खोलीत कात्र्या, सुया, तापलेली इस्त्री, त्यामुळं ते आधी लांब सारलं, तिला धरून जमिनीवर घेतलं, डोक्याखाली कापडाची घडी. तेवढ्यात एक जण चप्पल हुंगवायला आली, दुसरी कांदा फोडायला धावली, तिसरी दातखिळीसाठी चमचा घेऊन. मोठ्या बायकांना गप बसा म्हणून चालत नाही पण काम दिलं की ऐकतात, एकीला घड्याळ बघायला बसवलं, एकीला दार लावून बाहेरची गर्दी थोपवायला सांगितलं, चमचेवालीच्या हातात फोन दिला १०८ साठी तयार राहा म्हणून. हातपाय दाबले नाहीत, तोंडात काही घातलं नाही, झटके थांबल्यावर कुशीवर वळवलं. पाच मिनिटांच्या आत थांबली, त्यापुढं गेली असती तर थेट दवाखाना.

खरं अवघड पुढंच. शुद्धीवर आल्या आल्या म्हणाली "घरी सांगू नका". लग्नाआधीपासून गोळ्या चालू, सासरी माहीत नाही, लपून घ्यायची म्हणून मधेच राहून जायच्या. मी सगळ्यांना शपथ घातली आणि तिला आईबरोबर डॉक्टरकडं जायला लावलं. अजून येते ती, ब्लाउजचं कटिंग एकदम सुरेख करते. बोभाटा झाला असता तर तिचा क्लासच बंद झाला असता.

रात्रवर्ग, अशोक चौकाजवळ

यंत्रमागावरचे एक मामा छाती चोळत होते, "गॅस झालाय सर, सोडा आणा". घाम, डावा हात दुखतोय. सोडा आणला नाही, भिंतीला टेकवून बसवलं, एक पाऊल चालू दिलं नाही, १०८ लावला. आमची बोळ एवढी अरुंद की गाडी आत येणार नाही, म्हणून दोन पोरं चौकात उभी केली आणि मामांना खुर्चीसकट चौघांनी बोळाच्या तोंडाला नेलं. हार्ट अटॅकच निघाला, वेळेत पोचले, आता ठीक आहेत. तेव्हापासून फळ्याच्या कोपऱ्यात वर्गाचा पत्ता खुणेसकट लिहिलेला असतो, घाबरल्यावर माणसाला पत्ता सुचत नाही. वाचनाच्या सरावालाही तोच घेतो.

मंगळवेढ्याकडचं गाव

समाजमंदिरात पोत्यावर बसताना आजीला विंचू चावला. लोक उतारा करू म्हणत होते, आम्ही बाईकवर मधे बसवून ग्रामीण रुग्णालय गाठलं. तिथं प्राझोसिन दिली, विंचवावर महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी वापरात आणलेली तीच गोळी. आता पोती झटकल्याशिवाय कुणी बसत नाही.

सोलापुरातच नर्स आहे

वर सगळ्यांनी बरोबर केलंय. दोन गोष्टी जोडते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी, साखर काहीच घालू नका, श्वासनलिकेत जातं. आणि हाक मारून हलत नसेल, श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबा, मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, १०८ येईपर्यंत थांबू नका. हे वाचून जमत नाही, हातानं करून बघावं लागतं. आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत दुपारचा वर्ग कृपा करून ठेवू नका.

धागा काढणारी

ताई, आमच्या वर्गावर येऊन दाखवाल का? बायका हातातल्या विड्या संपवून संध्याकाळी पाचनंतर येतात. दाबायचा सराव करायला उशी चालेल की दुसरं काही आणू?