गुरुवारचा आकडा ‘कमी’ आहे, मग आमच्या कॉम्प्लेक्समधले चौघं घरी का बसलेत?

एडिसनची_माई

परवा इथे एकांनी लिहिलं होतं, "अमेरिकेत बेरोजगारी विम्याचे नवे दावे आठवड्याला सव्वादोन लाखांच्या आसपासच आहेत. लेऑफचा नुसता बागुलबुवा आहे, रडणाऱ्यांनी स्किल वाढवावं." ते डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितेय.

दर गुरुवारी सकाळी साडेआठला कामगार खातं जाहीर करतं तो आकडा खोटा आहे, असं मी म्हणत नाही. राज्याराज्यांत खरोखर आलेले अर्ज मोजूनच तो येतो. पण अर्ज किती जणांनी केला एवढंच त्यातून कळतं. नोकरी किती जणांची गेली हे कसं कळणार?

आमच्या कॉम्प्लेक्समधली चार घरं सांगते. माझा नवरा एच-वन-बीवर, म्हणजे एका मालकाला बांधलेल्या कामाच्या व्हिसावर. पंधरा मिनिटांची मीटिंग झाली, ती संपायच्या आत लॅपटॉप लॉक. चौथ्या दिवशी तो परत पाठवायला घडी घातलेलं खोकं दारात, वर लेबल चिकटवलेलं. नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला, नाहीतर देश सोडायला साठ दिवस मिळतात, त्यातला आज अडतिसावा. त्याने दावा केलेला नाही, कारण त्याला तो मिळतच नाही. दुसरे सोळा आठवड्यांचं सेव्हरन्स (काढताना कंपनी देते ते पैसे) घेऊन बसलेत, अर्जाचा विचारही केलेला नाही. तिसऱ्याला कन्सल्टन्सीने बेंचवर, म्हणजे कामाविना, ठेवलंय आणि काढल्याचं पत्रच दिलेलं नाही. चौथी मैत्रीण ग्रीनकार्डवाली, तिने अर्ज केला. चार घरं गारठली आणि गुरुवारच्या आकड्यात एकच पोचलं. कुणाला स्किल शिकवताय?

आकडेमोड

माई, तुमच्या घरावर जे आलंय त्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. पण चार घरांवरून देशाचं अनुमान काढू नका. विम्याखाली येणाऱ्या नोकऱ्या १५ कोटींच्या वर आहेत. त्यात एच-वनवाले किती? ते आकड्यात आले काय नि न आले काय, कल बदलत नाही. न येणारे आजही येत नाहीत आणि २००९ मध्येही येत नव्हते. तरी मार्च २००९ ला आकडा साडेसहा लाखांच्या वर गेलाच. ऑक्टोबर १९८२ मध्ये तो ६ लाख ९५ हजार होता, तेही कामगारसंख्या आजच्या मानाने कितीतरी कमी असताना. मार्च २०२० मध्ये एका आठवड्यात साठ लाखांच्या वर अर्ज आले. संकट आलं की हा आकडा बोंब मारतो. आज मारत नाहीये.

डॅलसकर

संकट आलं की बोंब मारतो हे खरं, पण किती उशिरा? आमच्या टेक्सासात सेव्हरन्स मिळत असेल तर भत्ता लांबतो. मला तीन महिन्यांचं मिळालं होतं. ते संपेपर्यंत अर्ज केला नाही आणि संपायच्या आत दुसरी नोकरी लागली, पगार वीस टक्क्यांनी कमी. मी कुठल्याही गुरुवारी मोजला गेलो नाही. काढणं मोठ्या कंपन्यांत, सेव्हरन्स त्यांच्याकडेच. मग आकडा शांतच दिसणार.

आकडेमोड

तुम्हाला नोकरी लागली ना? मग बाजार चालू आहे, हेच मी म्हणतोय.

डॅलसकर

वीस टक्के कमी पगारावर! ते कुठे धरलंत?

टॅम्पाची_लेक

दोघंही नवे दावे धरून बसलात. चालू दावे, म्हणजे आधीपासून भत्ता घेत असलेल्यांचा आकडा, बघा. २०२५ च्या उन्हाळ्यात ते १९ लाखांच्या वर गेले, नोव्हेंबर २०२१ नंतर सगळ्यात जास्त. म्हणजे नव्याने फार लोक काढत नव्हते, पण जो बाहेर पडला त्याला आत घेत नव्हते. त्यातही खाली आलेला आकडा बघून हुरळू नका. आमच्या फ्लोरिडात जास्तीत जास्त बारा आठवडे मिळतात, तेही आठवड्याला फार तर २७५ डॉलर. इथलं घरभाडं माहितीये ना? तेरावा आठवडा लागला की माणूस यादीतून गळतो. नोकरी लागून गळला की मुदत संपून, ते त्या आकड्यावरून समजत नाही.

रोखठोक_ऱ्होड

मूळ मुद्दा कुणी बोलतच नाही. हा विमा मालकाच्या करातून चालतो, तुमच्या पगारातून छदाम जात नाही. एच-वनवर येताना अटी माहिती होत्या. नोकरी गेली तर परत जायचं, सही करून आलात. आता दुसऱ्याच्या पैशावर हक्क सांगायचा?

नेवार्कचा_नाना

थांबा. "छदाम जात नाही" हे न्यू जर्सीत साफ चूक आहे. आपली पेस्लिप काढा आणि कपाती वाचा. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का या तीन राज्यांत कामगाराच्या पगारातूनही हा विमा कापला जातो. आमच्याकडे वर्षाच्या पहिल्या चाळीस हजारांच्या थोड्या वरपर्यंतच्या पगारावर ०.३८२५ टक्के, म्हणजे वर्षाला दीडशे-पावणेदोनशे डॉलर. मी अकरा वर्षं एच-वनवर भरले. माझ्या टीममधल्या सगळ्यांनी भरले. घेताना व्हिसा विचारला नाही.

रोखठोक_ऱ्होड

दीडशे डॉलरसाठी एवढा कंठशोष?

नेवार्कचा_नाना

दीडशे डॉलर तुम्हाला किरकोळ असतील. माझा मुद्दा तत्त्वाचा आहे. हप्ता घ्यायचा आणि वेळ आली की "तुम्ही कामाला उपलब्ध नाही, तुमचा परवाना एकाच मालकाचा" म्हणून साधारणपणे अर्ज नाकारायचा, याला विमा म्हणतात? आणि मालकाच्या कराचं म्हणाल तर फेडरल कर माणशी पहिल्या ७,००० डॉलरवरच आहे. १९८३ पासून ती मर्यादा हललेली नाही. राज्याची सवलत धरून माणशी ४२ डॉलर होतात. एवढ्या पैशावर तुम्ही मालकाची बाजू घेऊन भांडताय?

रोखठोक_ऱ्होड

आकडे बरोबर आहेत, मानलं. पेस्लिपचं मला माहीत नव्हतं, आमच्या राज्यात कापत नाहीत. पण अटी माहिती होत्या, हे माझं म्हणणं कायम.

एडिसनची_माई

अटी माहिती होत्या! साठ दिवसांची सवलतसुद्धा २०१७ पासूनची, त्याआधी तीही नव्हती. माझी मुलगी तिसरीत आहे. साठावा दिवस तिच्या परीक्षेच्या आठवड्यात येतो. सही करताना ती जन्मली नव्हती हो. आणि उद्या आम्ही पुण्याला गेलो तर अमेरिकेच्या कुठल्याच बेरोजगारीच्या आकड्यात नसू. माणूस बेकार झाला, देश सोडून गेला आणि आकडा चांगला राहिला. याच्यावरून तुम्ही म्हणणार, बाजार चालू आहे.

सान_होजेवाली

मला वेगळंच बोलायचंय. २०२० मध्ये माझ्या नावावर कुणीतरी दावा केला. मी नोकरीत होते. घरी मंजुरीचं पत्र आलं तेव्हा कळलं. ऑफिसला फोन लावला की अर्धा तास संगीत आणि मग फोन बंद, असे नऊ दिवस. कोविडकाळातल्या बनावट दाव्यांचा अंदाज सरकारच्याच लेखापरीक्षकांनी १०० ते १३५ अब्ज डॉलर दिलाय. त्यानंतर ओळख पटवायचे इतके फेरे आले की खरा गरजवंत अर्ध्यात सोडून देतो. माझ्या जावेने सोडला, फोटो तीनदा नाकारला म्हणून. तीही गुरुवारच्या आकड्याबाहेर.

आकडेमोड

बनावट दावे हा २०२०-२१ चा प्रश्न आहे, इथे आणू नका.

सान_होजेवाली

जाऊबाई गेल्या वर्षीच्या आहेत. नीट वाचा.

आकडेमोड

वाचलं, माझं चुकलं. बरं, सरळ बोलतो. नवे दावे बदल पटकन दाखवतात, म्हणून मी ते बघतो. त्यातही चार आठवड्यांची सरासरीच बघतो, कारण जानेवारीत अर्ज तीन लाखांवर उसळतात आणि उन्हाळ्याअखेरी दोन लाखांखाली उतरतात, हंगामी दुरुस्तीतही वाकडंतिकडं होतं. वादळ आलं तरी आकडा उडतो. २०१७ मध्ये हार्वीनंतर टेक्सासमुळे तो तीन लाखांना टेकला होता. तरी याच्याइतकं ताजं दुसरं साधन नाही, या मतावरून मी हलणार नाही. पण "आकडा कमी म्हणजे लोक मजेत" असं त्यावरून म्हणता येत नाही. चालू दाव्यांबद्दल टॅम्पाताईंचं मान्य. पहिल्या पोस्टमधलं स्किलचं वाक्य माझं नव्हतं, पण मी त्याला लाईक दिला होता. काढून घेतलाय.

एडिसनची_माई

लाईक काढलात, बरं केलंत. मान्य मलाही एक आहे, दुसरा ताजा आकडा माझ्याकडे नाही.

काल ती ग्रीनकार्डवाली मैत्रीण आमच्याकडे बसून आठवड्याचं सर्टिफिकेशन भरत होती. एक प्रश्न येतो, या आठवड्यात तुम्ही काम करायला सक्षम आणि उपलब्ध होता का? तिने हो दाबलं. नवरा मागे उभा राहून वाचत होता. म्हणाला, "मीपण होतो की." आणि चहा ठेवायला आत गेला.

नेवार्कचा_नाना

माई, एक कामाचं सांगून ठेवतो. त्यांना याच वर्षात नवीन नोकरी लागली की दोन मालक होतील आणि दोघंही विमा शून्यापासून कापतील. मर्यादेपेक्षा जास्त कापलेलं परत मिळतं. डब्ल्यू-टूच्या (मालक वर्षाअखेरी देतो त्या पगार-कराच्या दाखल्याच्या) चौदा नंबरच्या रकान्यात रक्कम बघा आणि राज्याच्या रिटर्नसोबत एनजे-२४५० फॉर्म लावा. दोन्ही पेस्लिपा जपून ठेवा. आणि ते कुठल्या टेक्नॉलॉजीत आहेत ते मला मेसेज करा, आजच.