मदत हवी आहे: जानेवारीत आईला सेशेल्सच्या समुद्रात कुठे उतरवू?

मंडळी, जानेवारीत आईला घेऊन सेशेल्सला जातोय. तिथल्या माहे बेटावरच्या राजधानी व्हिक्टोरियाहून डोंगर ओलांडला की बो व्हालाँचा लांबलचक किनारा, समोर सिल्हूट बेट. आईचं बालपण मुरुडला गेलं. गुडघे धरल्यापासून ती पाण्यात उतरलेली नाही. एकदा तरी तिचे पाय समुद्रात भिजावेत, फार वाटतं.

अडचण अशी, की डिसेंबर ते मार्च वायव्येचा वारा थेट या किनाऱ्यावर येतो आणि लाटा वाढतात. मे ते सप्टेंबर तिथे पाणी शांत, पण मला सुट्टी जानेवारीतच. त्या दिवसांत माहे बेटाच्या पूर्वेचा एखादा उथळ किनारा कुणी पाहिलाय का? पायऱ्या नकोत, सावली हवी. आणि बो व्हालाँच्या बुधवारच्या बाजारात तिला टेकायला जागा मिळेल का?