आयस्कझी टार्गेटमध्ये असिंक इव्हेंटची व्याख्या नेमकी कशी करायची?

लन_शून्य
नमस्कार मंडळी, एक छोटा आयस्कझी टार्गेट (नेटवर्कवरून स्कझी कमांड घेऊन डिस्क पुरवणारा सर्व्हर) लिहितोय, लॉगिन, रीड-राइट सगळं चालतंय, आता डिझाइन डॉक्युमेंटमध्ये असिंक्रोनस इव्हेंट रिपोर्टिंगचा भाग लिहायला घेतला आणि तिथेच गाडी अडलीये. "टार्गेटने कुणी न विचारता पाठवलेला मेसेज" एवढी व्याख्या पुरते का? कारण मग लनची (टार्गेटने दिलेल्या लॉजिकल डिस्कची) साइज वाढली, मेंटेनन्ससाठी कनेक्शन बंद करायचंय, डिस्क तापली हे सगळंच त्यात येतं. शिवाय युनिट अटेन्शन (काही बदलल्याची स्कझीतली सूचना) आहेच की, मग हे वेगळं कशाला? आणि मेसेज पोचलाच नाही तर?

सेन्सडेटा
नाही पुरत. टार्गेट नॉप-इनचा (कनेक्शन जिवंत आहे का बघणारा) पिंगपण न विचारताच पाठवतो, पण तो इव्हेंट नाही. खरा फरक स्टॅटएसएनमध्ये, म्हणजे टार्गेटच्या उत्तरांच्या अनुक्रमांकात आहे. असिंक मेसेज (ऑपकोड हेक्स ३२) पाठवला की स्टॅटएसएन एकने पुढे जातो, म्हणजे इनिशिएटरच्या (डिस्क वापरणाऱ्या मशीनच्या) पुढच्या एक्स्पस्टॅटएसएनवरून (आता कुठला नंबर अपेक्षित आहे ते सांगणारा) तुम्हाला कळतं की त्याला मिळाला. टार्गेटने स्वतःहून पाठवलेल्या नॉप-इनने हा नंबर हलत नाही. म्हणून व्याख्येत "कुठल्याही कमांडला न जोडलेला, पण पोच मिळणारा" हे दोन्ही यायलाच हवं. पोच यायच्या आत कनेक्शन तुटलं तर नव्या लॉगिननंतर इनिशिएटरने सगळं परत विचारून घ्यायचं, जुना मेसेज जपून ठेवून पुन्हा पाठवायच्या भानगडीत पडू नका.

इव्हेंट कोड २००४ च्या आरएफसी (स्टँडर्डचा दस्तऐवज) ३७२० मध्ये आहेत, २०१४ ची ७१४३ सगळं एकत्र करते, तीच वाचा. ० म्हणजे स्कझीचा इव्हेंट, सोबत सेन्स डेटा (काय झालं ते सांगणारे कोड). १ म्हणजे लॉगआउट कर, किती सेकंदात ते पॅरामीटर३ मध्ये. २ म्हणजे एक कनेक्शन तोडतोय, ३ म्हणजे सेशनमधली सगळीच, ४ म्हणजे पॅरामीटर परत ठरवूया. मेंटेनन्सला १ वापरा, सरळ सॉकेट बंद करू नका प्लीज, चालू आयओ मधेच लटकतात आणि समोरच्याला वाटतं नेटवर्क गेलं.

रांगेतला_कमांड
युनिट अटेन्शनबद्दल: ते पुढची कमांड येईपर्यंत टार्गेटकडेच पडून राहतं, मग त्या कमांडला चेक कंडिशन (काहीतरी सांगायचंय असा स्टेटस) आणि सेन्स की ६ जातं. साइज बदलली तर सेन्स डेटातला कोड २ए ०९, लनची यादी बदलली तर ३एफ ०ई. इनिशिएटर गप्प बसला असेल तर त्याला काहीच कळत नाही, असिंकची गरज तेवढ्यासाठीच. पण स्कझीने स्वतःचं एईआर (असिंक्रोनस इव्हेंट रिपोर्टिंग) नंतरच्या स्टँडर्डमध्ये कालबाह्य ठरवलं, त्यामुळे कोड ० वर सगळा भरवसा ठेवू नका, युनिट अटेन्शन लावाच.

क्यू_डेप्थ
एनव्हीएमईची (एसएसडीसाठीच्या प्रोटोकॉलची) पद्धतपण बघा, मला ती जास्त पटते. तिथे होस्टच आधी असिंक्रोनस इव्हेंट रिक्वेस्ट (हेक्स ०सी) देऊन ठेवतो, पत्ता घातलेली रिकामी पाकिटं दिल्यासारखी. तिला टाइमआउट नाही, काही घडलं की कंट्रोलर ती पूर्ण करतो. एकावेळी किती रिक्वेस्ट चालतील ते कंट्रोलर एईआरएल या फील्डमध्ये सांगतो. उत्तरात फक्त प्रकार आणि कुठलं लॉग पेज बघायचं एवढंच असतं, आणि होस्टने ते पेज वाचेपर्यंत तोच इव्हेंट प्रकार परत येत नाही, म्हणजे पूर यायची भीतीच नाही. तुमच्या व्याख्येतपण हेच लिहा की इव्हेंट म्हणजे "काहीतरी बदललंय, येऊन बघ", नवी व्हॅल्यू त्यात कोंबायची नाही, कारण मेसेज वाचला जाईपर्यंत ती जुनी झालेली असू शकते.

लन_शून्य
हे भारी झालं, धन्यवाद! साइजसाठी युनिट अटेन्शन, मेंटेनन्सला कोड १. मग तापमान कोड २५५ मध्ये, व्हेंडर स्पेसिफिक म्हणून टाकू का?

सेन्सडेटा
नको. समोरचा इनिशिएटर तुमचा नसेल तर त्याला २५५ मधलं काही कळणार नाही. तापमान त्याला लॉग सेन्स या स्कझी कमांडने वाचू दे.