मदत हवी आहे: ल्युकेमियाच्या पेशी दिसत नाहीत, तरी मुलाचं हिमोग्लोबिन का घसरतंय?

नमस्कार. आम्ही नाशिकला, सिडकोत राहतो. मुलगा सहा वर्षांचा. तीन महिन्यांपूर्वी एएलएलचं, म्हणजे ल्युकेमियाच्या एका प्रकाराचं (रक्ताच्या कॅन्सरचं) निदान झालं. त्याआधी महिनाभर 'रक्त कमी आहे' म्हणून लोहाचं सिरप चालू होतं. एके दिवशी जिन्याच्या तिसऱ्याच पायरीवर बसला, "आई, उचल ना." तळहात पांढराफटक. हिमोग्लोबिन 5.8!

पहिल्या महिन्याच्या केमोनंतर बोन मॅरो (हाडातला मगज, जिथे रक्त बनतं) तपासलं, रिमिशन आहे, म्हणजे आजाराच्या पेशी दिसत नाहीत म्हणाले. तरी गेल्या आठवड्यात 6.7, परत पिशवी चढवली. आजाराच्या पेशी नाहीत, तर रक्त जातंय कुठे? ओपीडीत एवढी गर्दी, विचारायचं राहूनच जातं.

सासूबाईंनी अळिवाचे लाडू वळलेत, रोज बिटाचा रस काढतात. दिरांनी पिंपळगावहून द्राक्षांची पेटी आणलीय. जुनं सिरपही अर्धी बाटली शिल्लक आहे. काय देऊ, काय नको?

प्रतिसाद

ताई, मी डॉक्टर नाही, पण लेकीचे उपचार पुरते केलेत. निदानाच्या वेळी ब्लास्ट पेशी (कॅन्सरच्या कच्च्या पेशी) मॅरोची जागा अडवून बसतात, लाल पेशी बनणार कुठे? आता ती जागा मोकळी झालीय, पण केमो मॅरोलाही दमवते. त्यात ताप-इन्फेक्शन आलं की शरीर लोह कोंडून ठेवतं. प्लेटलेट उतरल्या की नाका-हिरड्यांतून रक्त जातं ते वेगळंच.

म्हणजे लोह कमी आहे असं नाही. उलट रक्ताच्या एका मोठ्या पिशवीतून 200 ते 250 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं, आणि जास्तीचं बाहेर टाकायची सोय शरीरात नाही. सिरप अजिबात देऊ नका. फॉलिक अ‍ॅसिडवाली टॉनिकंही मनाने नकोत. मेथोट्रेक्सेट हे केमोचं औषध फॉलेटची (फॉलिक अ‍ॅसिड त्याचंच रूप) वाट अडवूनच काम करतं.

पांढऱ्या पेशींचा काउंट कमी असताना आम्हाला कच्चं बंद होतं. बीट शिजवून चालायचं, फळं जाड सालीची, ती सोलून. द्राक्षं कोण सोलणार? लाडवाचं मात्र डॉक्टरांनाच विचारा. प्रश्न कागदावर लिहून न्या, मी फाइललाच टाचून ठेवायचे.

धागाकर्ती

खूप आभार. सिरप टाकलं. द्राक्षांची पेटी शेजारी दिली, तर तो दारात उभा राहून बघत होता. सासूबाईंना लाडवांचं अजून सांगितलेलं नाही.