वडिलांचे घर एकाच्या नावे करायचे आहे. वकील लागेल का?

लोकमान्यनगरकर (इंदूर)
नमस्कार. आमचे वडील मृत्युपत्र न करता गेले. इंदूरचे घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतले होते आणि रजिस्ट्री त्यांच्या एकट्याच्या नावे आहे. मागे आई, मी, धाकटा भाऊ आणि वडोदऱ्याला दिलेली बहीण. सगळेच आपला हिस्सा माझ्या नावे सोडायला तयार आहेत, घरात वाद नाही. स्टॅम्पवर सह्या घेऊन नोटरी केली की नगर निगमात नामांतरण होते, वकिलाला उगाच पैसे कशाला, असे एका दलालाने सांगितले. मुदतठेवीवर नामांकन माझे असल्यामुळे ती रक्कमही माझीच, असे तो म्हणतो. हे बरोबर आहे का?

निवृत्त दस्तलेखक
दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि पहिली अधिक महागात पडेल. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 प्रमाणे मृत्युपत्र नसल्यास पत्नी, मुलगे आणि मुली यांना सारखा वाटा मिळतो, म्हणजे तुम्हा चौघांना प्रत्येकी पाव. वडिलांची आई हयात असल्यास तीही त्याच वर्गातली वारस ठरते. तुम्ही त्याबद्दल काही लिहिलेले नाही. स्थावर मालमत्तेतला हक्क सोडण्याचा दस्त नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 17 खाली नोंदवावाच लागतो, नोटरीच्या शिक्क्याने तो हक्क तुमच्याकडे येत नाही. नामांतरणाचेही तेच: मध्य प्रदेशातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये पुन्हा सांगितले की ती नोंद महसुलाच्या कामापुरती असते, तिने मालकी मिळत नाही. पुढे घर विकायला काढाल तेव्हा खरेदीदाराच्या बँकेचा वकील नोंदणीकृत हक्कत्याग मागेल, आणि तोवर एखादा वारस गेला असेल तर त्याच्या मुलाबाळांच्या सह्या गोळा करत फिरावे लागेल. त्यांत कोणी अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालील, असेल तर पालकाला आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल. ठेवीचे म्हणाल, तर बँक नामांकित व्यक्तीला पैसे देऊन मोकळी होते, पण त्या पैशांवरचा वारसांचा हक्क तसाच राहतो.

जुनी इंदूरची रहिवासी
सगळे तयार आहेत असे तुम्ही लिहिता, पण आईने स्वतः काय म्हटले ते कुठेच नाही. राहत्या घरातला हिस्सा एकदा नोंदणीकृत दस्ताने सोडला की नुसते मन बदलले म्हणून तो परत मिळत नाही, आणि तुम्ही नेमलेला वकील तुमचे हित पाहणार. आईंनी आणि बहिणीने सही करण्याआधी वेगळा सल्ला घ्यावा. विधिक सेवा प्राधिकरण कायदा, 1987 खाली स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणात अर्ज करता येतो, किंवा 15100 वर फोन करता येतो.

एक वकील
मृत्यूचा दाखला, वीजजोडणीचे नाव, कुटुंब निवृत्तिवेतन, फार काय ग्राहक आयोगातली साधी तक्रारसुद्धा माणूस स्वतः करू शकतो. त्यासाठी आमच्याकडे येऊ नये. पण हक्क कायमचा सोडणारा कागद असेल किंवा न्यायालयाचे समन्स आले असेल, तर थांबू नये. दिवाणी दाव्यात लेखी जबाब 30 दिवसांत द्यायचा असतो, आणि अनेक पक्षकार विसाव्या दिवशी पिशवी घेऊन येतात. फी आधी ठरवा आणि पावती घ्या. निकालानंतर घरातला हिस्सा द्या, आता काही नको, असे कोणी म्हणाले तर उठून या, कारण बार कौन्सिलच्या नियमांत तसा करार चालत नाही. फी थकली म्हणून पक्षकाराची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, हेही सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये स्पष्ट केले आहे.

लोकमान्यनगरकर (इंदूर)
आभारी आहे. आजी हयात आहेत, देवासला काकांकडे असतात. त्यांचे नाव आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हते.

एक वकील
मग वाटे पाच झाले, आणि घाई आहे ती इथेच. आजींनी काही न करता डोळे मिटले तर त्यांचा पाचवा वाटा त्यांच्या वारसांकडे, म्हणजे काकांकडेही जाईल आणि काका तुमच्या घरात सहमालक होतील. आजींना हिस्सा सोडायचा आहे का, हे त्यांना एकटीला, काका आणि तुम्ही कोणीही शेजारी नसताना विचारले जावे. त्या तयार असतील पण प्रवास झेपत नसेल, तर नोंदणी कायद्याच्या कलम 31 खाली विशेष कारण दाखवून नोंदणी अधिकाऱ्याला घरी येण्याची विनंती करता येते. दस्ताचा मसुदा करण्याआधी रजिस्ट्रीची प्रत आणि पाचही वारसांचे आधार घेऊन कोणत्याही दिवाणी वकिलाला भेटा.