मदत हवी आहे: ‘जीवाणुजन्य’ हा शब्द वाक्यात नेमका कुठे वापरावा?

नमस्कार.

पुण्यातील सिंहगड रस्त्यावरील आमच्या सोसायटीच्या सूचना मराठीत लिहिण्याचे काम या वर्षी माझ्याकडे आले आहे. मागच्या आठवड्यात टाकीच्या पाण्याचा तपासणी अहवाल आला आणि त्यात ई. कोलाय हा जीवाणू आढळल्याचे नमूद होते. पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय मुळीच आढळता कामा नये, असे भारतीय मानक सांगते. त्यामुळे सूचना त्याच दिवशी लावणे भाग होते. जिन्याजवळच्या फलकावर मी लिहिले, “आपल्या टाकीतील पाणी जीवाणुजन्य असल्याचे आढळले आहे. कृपया पाणी उकळून प्यावे.”

संध्याकाळी परत येऊन पाहतो तो ‘जीवाणुजन्य’ या शब्दाभोवती पेन्सिलीने गोल काढलेला आणि शेजारी बारीक अक्षरांत प्रश्न: “पाणी जीवाणूंपासून जन्मले काय?” अक्षर ओळखीचे होते. दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात. त्या मराठी शिकवून निवृत्त झाल्या आहेत. चूक झाली हे मला लगेच कळले, परंतु ती नेमकी कोठे झाली हे अजूनही पुरते उमगलेले नाही, आणि अर्धवट समजुतीवर त्यांच्या दारात उभे राहण्याचे धाडस होत नाही. म्हणून आधी येथे विचारतो.

माझी अडचण अशी की इंग्रजी अहवालात ‘बॅक्टेरियल’ हे एकच विशेषण संख्या, वाढ, तपासणी, संसर्ग अशा सगळ्या नामांना लावलेले आहे, आणि मराठीत त्याच्या जागी प्रत्येक वेळी ‘जीवाणुजन्य’ घातले की काही वाक्ये बरी वाटतात, काही मात्र कानाला खटकतात. ‘जीवाणुजन्य आजार’ ठीक वाटते. ‘पाण्याची जीवाणुजन्य तपासणी’ संशयास्पद वाटते. बाईंचा नियम मान्य केला, तर महापालिकेच्या आरोग्यविषयक सूचनांमध्ये नेहमी दिसणाऱ्या ‘जलजन्य आजार’ आणि ‘कीटकजन्य आजार’ या शब्दांचे काय करायचे? आजार काही पाण्यातून जन्मत नाही किंवा डासाच्या पोटचा नसतो.

दुसरी शंका आमच्या भागामुळेच आली. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड या परिसरात जीबीएस, म्हणजे गुलेन-बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण आढळले, तेव्हा सोसायटीच्या गटावर “जीबीएस हा जीवाणुजन्य आजार आहे” असे वाक्य दिवसभर फिरत होते. ते बरोबर होते काय?

शेवटची शंका लेखनाची. जीवाणूजन्य, जीवाणुजन्य, जिवाणूजन्य, जीवाणू जन्य, हे चारही प्रकार मी छापलेले पाहिले आहेत.

प्रतिसाद १

सूचनेपुरते सांगायचे तर ‘पाणी दूषित आहे, उकळून प्या’ एवढे पुरेसे आहे. फलक वाचणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा भाजीची पिशवी असते.

प्रतिसाद २

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत असे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिण्याची मुभा घेतो. आपल्या बाईंचा आक्षेप योग्य आहे, परंतु त्यांनी दाखवलेला अर्थ त्या प्रत्ययाचा एकमेव अर्थ नाही. ‘-जन्य’ हा प्रत्यय आजाराच्या नावामागे लागतो तेव्हा त्याचे दोन वेगळे उपयोग होतात. ‘जीवाणुजन्य’, ‘विषाणुजन्य’ हे शब्द आजाराचे कारण सांगतात. ‘जलजन्य’, ‘कीटकजन्य’ हे शब्द आजार कोणत्या वाटेने आला ते सांगतात. विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, हा जलजन्यही आहे आणि जीवाणुजन्यही. हिपॅटायटिस ‘ए’ची कावीळ जलजन्य खरी, परंतु विषाणुजन्य. डेंगी कीटकजन्य आणि विषाणुजन्य. हिवताप कीटकजन्य असला तरी त्याचे कारण ना जीवाणू ना विषाणू, तर एक परजीवी. ज्या प्लेगने १८९७ मध्ये पुणे ओस पाडले, तो पिसवांमार्फत पसरणारा जीवाणुजन्य रोग होता आणि त्याचा जीवाणू १८९४ मध्येच हाँगकाँगला सापडला होता. दोन विशेषणे शेजारी ठेवून पाहिली की त्यांची कामे किती निराळी आहेत हे ध्यानात येते.

आता कसोटी. शब्दाच्या जागी ‘जीवाणूंमुळे झालेला’ असे घालून वाक्य वाचावे. जीवाणूंमुळे झालेला न्यूमोनिया, जीवाणूंमुळे झालेला संसर्ग, ही वाक्ये टिकतात. जीवाणूंमुळे झालेले पाणी, जीवाणूंमुळे झालेली तपासणी, जीवाणूंमुळे झालेला रुग्ण, ही कोसळतात. इंग्रजीत एका विशेषणावर भागते तेथे मराठी बहुतेक वेळा षष्ठीचा आधार घेते: जीवाणूंची संख्या, जीवाणूंची वाढ, जीवाणूंची पेशी. तपासणी ‘अणुजैविक’ म्हणावी किंवा सरळ ‘जीवाणूंसाठी केलेली तपासणी’ असे लिहावे. पाण्याला ‘जीवाणुयुक्त’ म्हणता येईल, पण त्याने काही साधत नाही, कारण ताकही जीवाणुयुक्तच असते आणि ते आपण आवडीने पितो. गंमत अशी की कसोटी अक्षरशः लावली तर दही हा अस्सल जीवाणुजन्य पदार्थ ठरतो; तरीही कोणी तसे म्हणत नाही, कारण व्यवहारात हे विशेषण आजार, संसर्ग आणि विष यांच्याच वाट्याला आले आहे.

जीबीएसविषयीचे ते वाक्य चुकीचे होते, आणि ही चूक केवळ भाषेची नव्हती. या विकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. त्याआधी अनेकदा एखादा संसर्ग होऊन गेलेला असतो. त्या वेळी काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला होता. म्हणजे आधीचा अतिसार जीवाणुजन्य असू शकतो, पण जीबीएसला तसे म्हणता येत नाही. “जीवाणुजन्य अतिसारानंतर काही जणांना जीबीएस होऊ शकतो” असे लिहिले असते, तर ‘जीबीएसची लागण’ हा चुकीचा शब्दप्रयोगही कदाचित टळला असता.

लेखनाबाबत: मराठीत ‘जीवाणू’ हा शब्द सुटा लिहिताना शेवटचा उकार दीर्घ असतो, परंतु तत्सम शब्द समासाच्या पूर्वपदी आला की मूळचा ऱ्हस्व उकार परत येतो. गुरू पण गुरुदक्षिणा, अणू पण अणुशक्ती, तसेच जीवाणू पण जीवाणुजन्य, जीवाणुनाशक. विभक्तीत मात्र दीर्घच: जीवाणूंचा, जीवाणूंमुळे. शब्द तोडून लिहू नये. ‘जि’ की ‘जी’ हा वाद जुना आहे. ‘जीव’चे ‘जिवाचा’ होते म्हणून अनेक जण ‘जिवाणू’ लिहितात, पण येथे विभक्तीचा प्रत्यय लागलेला नसून ‘जीव’ आणि ‘अणु’ यांचा संधी झालेला आहे, म्हणून मी ‘जी’ दीर्घ ठेवतो.

रोजच्या बोलण्यात आपण नुसते ‘जंतुसंसर्ग’ म्हणतो आणि ते पुरतेही. प्रश्न प्रतिजैविकाचा आला की मात्र जीवाणू आणि विषाणू वेगळे सांगावेच लागतात, कारण विषाणूंमुळे झालेल्या सर्दीवर प्रतिजैविकाचा काहीही उपयोग होत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. सूचना आता अशी लिहिली आहे: “आपल्या टाकीतील पाणी दूषित असल्याचे तपासणीत आढळले आहे. त्यात ई. कोलाय हे जीवाणू सापडले आहेत. टायफॉइडसारखे जीवाणुजन्य आणि काविळीसारखे विषाणुजन्य आजार अशा पाण्यातून पसरू शकतात. टाकी स्वच्छ करून पाण्याची पुन्हा तपासणी होईपर्यंत पाणी उकळूनच प्यावे.” फलकावर लावण्यापूर्वी कागद दुसऱ्या मजल्यावर नेऊन दाखवणार आहे, आणि पेन्सिल त्यांच्याच हाती देणार आहे.